आगाऊ टपाल

ज्या दिवशी अच्युत सबनीसांच्या नावाने तीन महिन्यांनंतरची चिठ्ठी आली, त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांनी सर्वांत आधी पास्कलचा टॉवेल हुंगला.

टॉवेल गॅलरीत दोरीवर होता. त्याला घरच्या साबणाचा वास नव्हता. दवाखान्याच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीला येतो तसला काहीतरी औषधी वास होता. सबनीसांनी तो उलटा करून पुन्हा हुंगला. समोरच्या इमारतीतल्या परेराबाई आपल्याकडे पाहताहेत हे लक्षात आल्यावर त्याच टॉवेलने त्यांनी तोंड पुसल्यासारखं केलं. परेराबाईंनी हात हलवला. वसईत एकसष्ट वर्षांचा माणूस आपल्या गॅलरीत काय वाटेल ते करू शकतो; फक्त समोरून हात हलला की आपल्यालाही हलवावा लागतो.

चिठ्ठीत तीन शब्द आणि एक अक्षर होतं.

‘पुस्तक संपलं. येते. प.’

खाली छापील तारीख होती: पाठवल्याचा दिनांक ९ मार्च. आणि त्या दिवशी तर ९ डिसेंबर होता.

आता हे पुस्तक कुठलं, ते सांगायला हवं. सबनीस ‘उलटघडी’ या मालिकेचे लेखक. फौजदार रणजित मोकाशी काळातून मागेपुढे जाऊन गुन्हे उकलतो, आणि नूर नावाचा घड्याळजी दर ठिकाणी त्याच्याआधी पोचलेला असतो. या दोन पुरुषांचं एकमेकांवर जिवापाड प्रेम, आणि तितकाच एकमेकांचा संशय. सहा पुस्तकांत नूर पाच वेळा मेला, त्यांपैकी तीन वेळा पाण्यात बुडून. दर वेळी रणजितने काळ उलटा फिरवून त्याला परत आणला. सातवं पुस्तक शेवटचं, आणि त्याचं शेवटचं प्रकरण तेवढं लिहायचं राहिलं होतं. दोघं शेवटी एकत्र राहतात की नाही, हे विचारणारी दिवसाला तीसेक पत्रं प्रकाशकाकडे येत होती. एका बाईंनी तर ‘नूरला या वेळी काही झालं तर मी कायदेशीर सल्ला घेईन’ असं कळवलं होतं.

पास्कल डाबरे हा मुद्रितशोधक. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढणं हा त्याचा धंदा, आणि तेवीस वर्षं सबनीसांबरोबर राहणं हा जोडधंदा, असं तो स्वतःच सांगे. वसईच्या पापडी भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर दोघांचीही नावं एकाच पाटीवर होती. पाटीवरच्या ‘सबनीस’मधली दुसरी वेलांटी पास्कलने पेंटरला उभं करून दुरुस्त करून घेतलेली.

आगाऊ टपाल हे काही त्या सोयीचं सरकारी नाव नव्हे. सरकारी नाव ‘पश्चगामी संदेशप्राप्ती सुविधा’. हे म्हणता म्हणता खिडकी बंद व्हायची वेळ होते, म्हणून लोकांनी आगाऊ टपाल म्हणायला सुरुवात केली. वेळेआधी येतं म्हणून आगाऊ, की कुणी न विचारता येतं म्हणून आगाऊ, ते ज्याचं त्याने ठरवावं.

त्यामागचं विज्ञान त्या मानाने सोपं आहे. एका विशिष्ट स्फटिकाची चकती प्रचंड थंड करायची आणि तिच्यात प्रकाशकणांच्या जोड्या कोंडून ठेवायच्या. जोडीतल्या एका कणाची नोंद आजच घ्यायची, दुसरा तसाच कोंडलेला राहू द्यायचा. पुढे कधीतरी त्या दुसऱ्या कणाला तुम्ही जो धक्का द्याल, त्याची पुसट सावली पहिल्याच्या आजच्या नोंदीत आधीच पडलेली असते. एका जोडीवरून काही कळत नाही. अब्जावधी जोड्यांच्या सावल्या एकत्र केल्या की मजकूर दिसतो. कण नव्वद दिवसांहून जास्त कोंडून राहत नाहीत, म्हणून त्यापलीकडचं काही येत नाही. सावली पुसट, म्हणून वीसेक अक्षरांपेक्षा जास्त मावत नाही. शिवाय हे यंत्र अक्षरं पाठवत नाही, रेघा पाठवतं, आणि रेघांमध्ये उभी रेघ सगळ्यांत कच्ची. मराठीचा निम्मा संसार काना नावाच्या उभ्या रेघेवर चालत असल्यामुळे पहिल्या वर्षी बरेच घोटाळे झाले. ‘माल निघाला’ ही आनंदाची बातमी एका व्यापाऱ्याला ‘मल निघाला’ अशी मिळाली आणि तो दिवसभर पॅथॉलॉजीच्या बाकावर बसून राहिला.

या सगळ्यात एक नियम मात्र पक्का निघाला. जे आलं, ते गेलंच. आलेली चिठ्ठी ठरल्या दिवशी पाठवलीच गेली नाही, असं एकही उदाहरण जगात सापडलेलं नाही. शास्त्रज्ञांनी मुद्दाम न पाठवून पाहिलं. दर वेळी काही ना काही होऊन ती गेलीच. निसर्ग स्वतःला खोटं पडू देत नाही, असं त्यांनी लिहिलं. सरकारने दोन वह्या सुरू केल्या, आवक आणि जावक. मानवजातीच्या इतिहासात प्रथमच जावकेच्या आधी आवक होऊ लागली.

सबनीसांनी चिठ्ठी चहाच्या कपाशेजारी ठेवली. पास्कल कुणाच्या तरी कवितासंग्रहाची प्रुफं पाहत होता. त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, चिठ्ठी वाचली, आणि खिशातलं लाल पेन काढून सवयीने ‘येते’च्या ‘ते’ला एक उभी रेघ दिली.

“काना गळलाय. ‘येतो’ असणार.”

“म्हणजे तू पाठवलंयस.”

“पाठवणार असेन. अजून कुठे पाठवलंय?”

“कशासाठी पाठवणार आहेस?”

“सबनीस, मला काय माहीत? मार्चमध्ये विचार.”

“आणि ‘येतो’ म्हणजे काय?”

“‘येतो’ म्हणजे येतो.”

“आपल्याकडे ‘येतो’ कोण म्हणतं? जाणारा म्हणतो! तेवीस वर्षं तू बोंबील आणायला निघालास की ‘येतो’ म्हणतोस.”

“आणि बोंबील घेऊन येतो.”

“बरं, खरोखर येणारा असशील, तर त्याआधी तू गेलेला असणार. दोन्ही अर्थांनी तू चाललायस.”

“दोन झाले. तुला तिसरा कसा नाही सुचला अजून?”

“सुचलाय. काना गळलेलाच नाही. ‘येते’ म्हणणारी कुणीतरी बाई आहे.”

पास्कल हसला. त्याचं हसणं सबनीसांना जरा लांबलेलं वाटलं. “आणि ‘प’ म्हणजे?”

“तेच विचारतोय.”

“‘प’ म्हणजे प्रूफ. चहा पी, निवला.”

या घरात काना ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. ‘उलटघडी’च्या पहिल्या पुस्तकाच्या हस्तलिखितात नूर ही बाई होती. म्हणजे सबनीसांनी ती बाई केली होती. मनात कोण होतं ते त्यांनी स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच प्रकरणात नूर दारात उभी राहून म्हणते, ‘मी आले’. प्रुफं परत आली तेव्हा त्या ‘ले’ला लाल शाईत एक काना घातलेला होता, ‘मी आलो’, आणि समासात बारीक अक्षरांत विचारलेलं होतं: ‘लेखकाला हेच म्हणायचं आहे ना?’ पुस्तकभर नूर बाईसारखी एकदाही वागलेली नाही, हे त्या मुद्रितशोधकाच्या लक्षात आलं होतं. सबनीस तीन दिवस ती प्रुफं घेऊन बसले. चौथ्या दिवशी त्यांनी त्या प्रश्नाखाली ‘हो’ लिहिलं, आणि उरलेले चारशे बारा काने स्वतःच्या हाताने घातले. मग मुद्रितशोधकाचा पत्ता विचारायला छापखान्यात गेले.

अशा माणसाच्या घरातून काना गळाला, तर त्याने संशय घ्यायचा नाही तर काय करायचं?

सबनीसांनी विचार केला, आणि धंद्याप्रमाणे तो रहस्यकथेसारखा केला. चिठ्ठी म्हणते, पुस्तक संपलं, मग येते किंवा येतो. म्हणजे पुस्तक संपल्याशिवाय कुणी जाणार नाही. तेव्हा पुस्तक संपवायचंच नाही. निसर्गाने काय करायचं ते निसर्गाने पाहावं.

“काका, शेवटचं प्रकरण?” दर सोमवारी वृंदा चौबळचा फोन येई. वडिलांच्या मागे प्रकाशन तीच चालवत होती, आणि वडिलांपेक्षा बरी चालवत होती.

“होतंय.”

“गेल्या सोमवारीही होत होतं. काका, एक विचारू? नूरला मारताय का परत? मारायचं असेल तर आधी सांगा, मी ऑफिसला कुलूप लावून माहेरी जाते.”

“वृंदा, तू आगाऊ टपालाने मला काही पाठवणार आहेस का?”

“मी? मला समोरासमोर बोलून प्रकरण मिळत नाहीये, टपालाने काय मिळणार?”

सबनीसांनी वहीत लिहिलं: ‘वृंदा. प्रकाशक. प? बाई आहे. पण पुस्तक संपलं तर ती येईल कशाला, पळेल.’ ही वही नवी होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात डिसेंबरअखेर पुढील नोंदी झाल्या:

‘मंगळवार. सकाळी साडेआठला बाहेर. पिशवी बरोबर. “कुठे?” विचारलं नाही, विचारलं की तो सावध होईल.’

‘मंगळवार. साडेदहाला परत. केस ओले. घरातून जाताना आंघोळ झालेली होती. म्हणजे दुसरी आंघोळ. दुसरी आंघोळ कुठे?’

‘संशयीताने आज परतल्यावर तीन पोळ्या जास्त खाल्ल्या.’

जानेवारीतल्या एका मंगळवारी सबनीस मागोमाग गेले. फौजदार रणजितने सहा पुस्तकांत अठरा वेळा पाठलाग केला होता, आणि त्याला कधी रिक्षा मिळाली नाही असं झालं नव्हतं. सबनीसांना तीन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं. चौथ्याने विचारलं, “पुढच्या रिक्षात पास्कल अंकल हाय ना? मग त्याच्यातच बसायचं की!” सबनीस म्हणाले, “आमचं ठरलंय तसं.”

पास्कल एका नव्या उंच सोसायटीच्या मागच्या फाटकाने आत गेला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सबनीसांना अडवलं, पण येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वहीत डोकावू दिलं. तिथे पास्कलचं सुबक अक्षर होतं: ‘पास्कल डाबरे. प्रिस्का मॅडमकडे. ९ ते १०.’ त्याआधीच्या मंगळवारी तेच. त्याच्याआधीच्याही.

प्रिस्का. ‘प’.

सव्वादहाला ती पास्कलला फाटकापर्यंत सोडायला आली. चौतीस-पस्तिशीची, उंच, खांदे रुंद. तिचेही केस ओले होते. तिने पास्कलच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, “अंकल, आज मस्त! आता घाबरायचं नाही!” सबनीस एका टेम्पोमागे उभे होते. टेम्पो निघून गेला तरी ते उभेच राहिले. सुदैवाने पास्कल दुसऱ्या दिशेला वळला.

आता एखाद्याने घरी जाऊन सरळ विचारलं असतं. सबनीसांनी वहीत आणखी दीड पान लिहिलं. विचारलं आणि उत्तर खरं आलं तर काय, याची त्यांना जास्त भीती होती. आठ दिवस ते पास्कलशी इतकं गोड वागले की पास्कलने त्यांचा रक्तदाब तपासायला लावला.

पुढच्या मंगळवारी पास्कल कुठेच गेला नाही. सबनीस उठून बाहेर आले तर तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर निळी वही होती आणि तिचं शेवटचं पान वाचून होत होतं. हातात लाल पेन होतं. पायाशी प्रवासाची बॅग होती.

“‘संशयित’,” पास्कल म्हणाला. “‘यि’ ऱ्हस्व. अकरा ठिकाणी दीर्घ लिहिलंयस.”

“पास्कल, ऐक—”

“‘पाठलाग’ एका ठिकाणी ‘पठलाग’ झालाय. काना.” त्याने वही मिटली. “डिसेंबरपासून तू माझ्याशी एक खरं वाक्य बोलला नाहीस, अच्युत. सगळी वाक्यं इथे आहेत.”

तेवीस वर्षांत तो त्यांना ‘अच्युत’ असं तीनदा म्हणाला असेल. एरवी ‘सबनीस’च.

“त्या चिठ्ठीमुळे—”

“चिठ्ठीत माझं नाव नाही. वहीत आहे.”

“कुठे चाललास?”

“आग्नेसकडे. निर्मळला. बहिणीला वही लिहायची सवय नाही.” त्याने बॅग उचलली. दारात तो थांबला. सबनीस वाट पाहत होते. वसईतला, पुण्यातला, नागपुरातला कुठलाही मराठी माणूस भांडूनतंटूनही उंबऱ्यावर जो शब्द म्हणतो, तो ऐकण्यासाठी.

“जातो,” पास्कल म्हणाला.

आणि गेला.

सबनीसांनी तो शब्द पहिल्यांदाच ऐकला होता असं नव्हे. पण त्यांना कुणी तो म्हटला नव्हता. लोक स्मशानातून निघतानाही हा शब्द टाळतात. त्यांनी दार लावलं, टेबलाशी बसले, आणि लाल शाईतले अकरा ‘संशयित’ ओळीने वाचले.

फेब्रुवारी कसाबसा गेला. आग्नेस फोनवर म्हणे, “दादा वाडीत आहे, केळीला पाणी लावतोय.” आठवड्यानंतर नुसतंच “वाडीत आहे” म्हणू लागली. पुस्तक जिथे होतं तिथेच होतं. आता ते न संपवण्याला काही अर्थ उरला नव्हता, कारण जायचा तो गेला होता. पण संपवायला तरी काय अर्थ होता? एक गोष्ट मात्र सबनीसांना झोपू देईना. ९ मार्चला कुणीतरी खिडकीशी येऊन ती चिठ्ठी पाठवणारच. निसर्गाचा नियम होता. जो येईल, तो गुन्हेगार. किंवा जी येईल, ती.

९ मार्चला सकाळी पावणेदहाला ते आगाऊ टपालाच्या कार्यालयापुढे हजर होते. बाकावर आधीच एक माणूस बसलेला होता. मांडीवर डबा, हातात घडी केलेला पेपर, आणि पेपरला दोन बोटांएवढं भोक.

“तू?” सबनीस म्हणाले.

“तू?” पास्कलने पेपर खाली केला.

“पाठवायला आलायस?”

“मी कशाला पाठवू? कोण पाठवतं ते पाहायला आलोय. मला वाटलं, तूच येणार. तुझ्या नावाने तूच चिठ्ठी पाठवायची, मग तूच माझा पाठलाग करायचा, आणि त्याचं प्रकरण करायचं. तुझ्या तिसऱ्या पुस्तकाचं कथानक आहे हे.”

“चौथ्या,” सबनीस म्हणाले, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

दोघं दिवसभर बसले. येणारा प्रत्येक माणूस दोघांनीही डोळे बारीक करून न्याहाळला. जेवणाच्या सुट्टीत पास्कलने डबा उघडला. आग्नेसने दोघांपुरतं दिलं होतं. सबनीसांनी झाकण ताटासारखं पुढे केलं. तीन वाजले. चार वाजले. त्यांच्या चिठ्ठीसाठी कुणी आलं नाही. प्रिस्का आली नाही, वृंदा आली नाही. सबनीसांना घाम फुटू लागला. चिठ्ठी गेलीच नाही तर निसर्गाचा नियम मोडणार होता, आणि तो वसई तालुक्यात मोडणार होता.

साडेचारला खिडकीमागच्या ठोंबरेबाईंनी चष्मा बदलला, आवकेची वही पुढे ओढली, आणि बोट लावून ओळी शोधत यंत्रावर भराभर काहीतरी उतरवायला सुरुवात केली. सबनीस खिडकीशी गेले. पास्कलही गेला. दोघांनी एकाच वेळी वाकून पाहिलं. पडद्यावर होतं: ‘पुस्तक संपलं. येते.’

“थांबा!” सबनीस ओरडले. “हे तुम्ही पाठवताय?”

“मग कोण पाठवणार?” ठोंबरेबाई मान वर न करता म्हणाल्या. “साडेचारपर्यंत पाठवणारा आला नाही की जावक कार्यालयाने करायची. परिपत्रक आहे. नाहीतर आवक जास्त आणि जावक कमी दिसते, मग वरून विचारणा येते.” त्यांनी मजकुराच्या शेवटी एक अक्षर दाबलं. ‘प.’

“आणि हा ‘प’?”

“परिपत्रकानुसार.”

यंत्राने बारीक शीळ घातली. चिठ्ठी गेली. म्हणजे नव्वद दिवसांपूर्वी आली.

“पण बाई, लिहिलं कुणी हे?” पास्कलने विचारलं. मुद्रितशोधकाला लेखक लागतोच.

“मी नाही लिहिलं. मी आलेलं पाठवलं.”

“आलं कुठून?”

“पाठवलं म्हणून आलं.”

“अहो, पण याची सुरुवात कुठे आहे?”

“ते या खिडकीवर होत नाही.” मग त्यांना दया आली असावी. “अशा बऱ्याच असतात हो. आमच्याकडे शंभरातल्या चाळीस. पाठवणारा कुणी नसतोच. येतात आणि जातात.”

ज्या नियमावर जगभर ग्रंथ लिहिले गेले, त्याचा वसईपुरता भार ठोंबरेबाईंच्या दोन बोटांवर होता. पण सबनीसांना त्या घटकेला दुसरंच खुपत होतं.

“बाई, पुस्तक संपलेलंच नाही! मी एक ओळ लिहिलेली नाही. चिठ्ठी खोटी आहे.”

“खरंखोटं तपासायचं परिपत्रक नाही,” ठोंबरेबाई म्हणाल्या आणि खिडकी ओढून घेतली.

दोघं पुन्हा बाकावर बसले. या वेळी मध्ये फक्त डबा होता.

“म्हणजे तीन महिने,” सबनीस म्हणाले, “आपण कुणाच्या बोलण्यावरून भांडलो?”

“कुणाच्याच नाही.” पास्कल म्हणाला. “वाक्य कुणाचंच नव्हतं. वही मात्र तुझी होती.”

शिपाई दिवे घालवत पुढे सरकत होता. शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारला, जो विचारायला डिसेंबरपासून एक मिनिट पुरलं असतं.

“मंगळवारी कुठे जातोस?”

पास्कलने डब्याची झाकणं नीट बसवली. एकदा काढून पुन्हा बसवली.

“पोहायला.”

“काय?”

“पोहायला शिकतोय. प्रिस्का शिकवते. सोसायटीचा तलाव आहे. सत्तावन्नाव्या वर्षी लहान चड्डी घालून उभा राहतो तिथे, आणि पाण्यात औषध टाकतात त्याने डोळे चुरचुरतात. समुद्राकाठी जन्मलो, पण मला पोहता येत नाही हे तुला माहीत होतं. आणि तू काय केलंस? सहा पुस्तकांत मला तीन वेळा बुडवलंस.”

“तुला नाही. नूरला.”

“सबनीस.”

“...बरं. तुला.”

“दर वेळी लोक मला बाजारात म्हणतात, ‘अंकल, यंदा वाचलात का?’ मी ठरवलं, सातव्यात बुडायचं नाही.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर पुढच्या प्रकरणात आलं असतं. चड्डीसकट. आपलं एक भांडण सांग जे छापलं गेलं नाही. माझ्या आईचं आजारपण छापलंस. मीच त्याची प्रुफं तपासली. वर्षातले थोडे मंगळवार तरी छापलेले नसावेत, एवढंच मला हवं होतं.”

शिपाई येऊन उभा राहिला. “सायेब, बंद करायचंय.”

सबनीस उठले. क्षमा मागायचं वाक्य त्यांनी मनात दोन-तीन प्रकारे जुळवलं. प्रत्येक वाक्य त्यांना वापरलेलं वाटलं, बहुधा तिसऱ्या पुस्तकात. म्हणून ते एवढंच म्हणाले, “मी चुकलो. सहाही पुस्तकांत.”

पास्कलने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. ओळ जाऊ द्यावी की थांबवावी, हे ठरवताना तो असाच पाहत असे. “मंगळवारी नऊला ये,” तो म्हणाला. “वही आणू नकोस.”

शेवटचं प्रकरण सबनीसांनी चार दिवसांत लिहिलं. सोमवारी वृंदाला दिलं. तिने ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाली, “काका, यात काहीच होत नाही.” ते म्हणाले, “हो.” तिने शेवटचं पान पुन्हा वाचलं, नाक पुसलं आणि म्हणाली, “बरं.”

मंगळवारी सकाळी नऊला अच्युत सबनीस पोहण्याच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. चड्डी पास्कलची होती. दोन्ही हातांनी त्यांनी कडेचा गज धरला होता. काठावरून प्रिस्का म्हणाली, “अंकल, गज सोडा. गज कुठे पळून नाय जात.”

“आधी तरंगायचं,” पास्कल म्हणाला. तो शेजारी उभा होता. “उताणा हो. माझा हात पाठीखाली आहे.”

“धरलंयस ना?”

“धरलंय.”

सबनीसांनी एक हात सोडला, पुन्हा धरला, मग दोन्ही सोडले. पाय वर आले. छत दिसू लागलं.

“मान ताठ ठेवू नकोस,” पास्कल म्हणाला. “नूरचं काय केलंस?”

“जिवंत आहे.”

“का?”

“कारण दिलेलं नाही. रणजितला एकदा पुढे जाऊन पाहायची संधी मिळते, नूर राहतो की जातो. तो यंत्र सुरू करत नाही. दोघं जेवायला बसतात. तुझा वाटेल असा एकही शब्द त्यात नाही.”

“प्रुफं?”

“वृंदा तुझ्याकडे पाठवतेय. निर्मळला.”

“पापडीला पाठव म्हणावं. शनिवारी टेम्पो सांगितलाय मी.”

सबनीसांनी मान वळवून पाहायचा प्रयत्न केला आणि नाकात पाणी गेलं. “खरंच? की मी बुडू नये म्हणून म्हणतोयस?”

“श्वास घे. बोलू नकोस.”

त्यांनी श्वास घेतला. कान पाण्यात गेले आणि बाहेरचं सगळं लांब गेलं. पाठीखालचा हात आहे की पाणीच तसं लागतंय, हे त्यांना कळेना.

“हात काढलास का?” त्यांनी छताला विचारलं.

“नाही,” पास्कल म्हणाला.

आवाज बऱ्याच अंतरावरून आला होता. सबनीसांनी पुढे काही विचारलं नाही.